रेडिओला लागलेली गळती

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास नळवाल्याच्या स्वतःच्या घरात पाणी गळू लागलं, आणि तेही रेडिओच्या मागून.

नळवाला काही साधासुधा माणूस नव्हता. चाळीस वर्षांत त्याला सापडली नाही अशी गळती नव्हती. साठी उलटल्यावर अभ्यास करून त्याने हौशी रेडिओची परीक्षा दिली, पास झाला आणि परवाना चौकटीत बसवून दारासमोर टांगला. आल्यागेल्याने आधी तो वाचायचा, मग बसायचं. लेक दूर बेटावरच्या हवामान केंद्रात होती. आज चार वाजता ती तिथल्या रेडिओवर पहिल्यांदाच बापाची हाक ऐकणार होती. ही वेळ साऱ्या गल्लीला तोंडपाठ होती.

आणि टेबलावर टप्, टप्.

"भिंतीतला पाइप फुटलाय," नळवाल्याने निदान केलं.

"अहो, त्या भिंतीत पाइपच नाही," बायको म्हणाली.

"चाळीस वर्षं हे काम कोण करतंय? तू की मी?"

छिन्नी-हातोडी निघाली. तासाभरात भिंतीला आरपार भोक पडलं. त्यातून रस्ता दिसला, पाणी नाही. मग त्याने इमारतीचा मुख्य नळच बंद केला. पाचव्या मिनिटाला शेजारी दारात उभा.

"अहो, तोंडाला साबण आहे माझ्या!"

"गळती शोधतोय. पुसून घ्या तात्पुरतं."

टप्, टप्. रेडिओला काही साबणाची पर्वा नव्हती.

बायकोने रेडिओमागची, गच्चीवरच्या अँटेनाची केबल फिरवून सोडवली आणि तिचं टोक चहाच्या कपात धरलं. कपात बारीक धार लागली.

"घ्या. आभाळातून नळ आणलात तुम्ही."

नळवाला मुख्य नळ पुन्हा उघडून गच्चीकडे धावला. अँटेनाच्या खांबापाशी केबलचं पांढरं आवरण उन्हाने तडकून पापडासारखं झालं होतं. वरच टाकी. ती भरली की पाणी थांबवणारा बॉल कॉक दोन वर्षं 'उद्या बदलतो' म्हणून राहिलेला. टाकी रोज ओसंडायची, पाणी चिरेतून आत शिरायचं आणि जाळीदार तारेवरून थेट घरात उतरायचं. महिनाभर रेडिओचा आवाज बारीक येत होता, तेव्हा त्याने दोष ढगांना दिला होता.

रविवारी दुकान बंद, पण रेडिओचं सामान विकणारा दुकानाच्या वरच राहायचा. तोही हौशी रेडिओवाला. नळवाल्याला दारात पाहताच तो हसला. "काळी, जाड केबल द्यायची ना आता?"

गेल्या वर्षी त्याने समजावलं होतं, "काका, ही पांढरी घरातल्या टीव्हीची. बाहेर काळी घ्या, ऊन सोसते. शिवाय जाड आहे, लांबवर आवाज वाटेत कमी मुरतो." त्यावर काका म्हणाले होते, "भिंत पांढरी, केबल पांढरी. शोभा नको? आणि पाणी कुठून शिरतं ते मला शिकवू नकोस."

आज काकांनी मुकाट्याने काळी घेतली. दोन्ही टोकांचे जोड दुकानदारानेच पक्के करून दिले. गच्चीवर नळवाल्याने आधी बॉल कॉक बदलला, मग तिथला जोड टेपने असा गुंडाळला की तिथे मुंगी शिरायची नाही. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोल दिला, म्हणजे ओघळलेलं पाणी बाहेरच ठिबकेल. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. पण जाड केबल जुन्या भोकातून जाईना. मग ती सकाळी फोडलेल्या भगदाडातून आत आली.

"बघ, भिंत काही वाया गेली नाही," तो म्हणाला. बायकोने विटांचा चुरा भरायला त्याच्या हातात झाडू दिला.

चार वाजता त्याने हाक दिली. खरखर झाली, आणि लेक जणू शेजारच्या खोलीतूनच बोलली.

"बाबा! एकदम स्वच्छ ऐकू येतंय. इथे सगळे विचारतायत, हे स्टेशन कुणाचं? मी म्हटलं, माझ्या बाबांचं. ओव्हर."

नळवाल्याची छाती फुगली. तेवढ्यात मध्येच दुकानदाराचा आवाज घुसला. "काका, पाणी थांबलं का? ओव्हर."

"कसलं पाणी? गळती?" लेक हसली. "मग काय, बाबांनी चुटकीसरशी शोधली असेल. ओव्हर."

गावातले सगळे हौशी रेडिओवाले ऐकत होते. नळवाल्याने भिंतीच्या भगदाडाकडे पाहिलं, मग कप विसळणाऱ्या बायकोकडे. दोनदा घसा खाकरला.

"तुझ्या आईने शोधली," तो म्हणाला. "चहाच्या कपाने. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नळवाल्याने रुबाबात उचलला.

"बोला, गळती कुठे आहे?"

"काका, ते सांगतो. पण आधी काकूंना द्या ना."