कुंदामावशींचं कुरण

कुंदामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शेतात पालथ्या पडल्या होत्या. जानेवारीतली सकाळ, गवतावर पांढरं हिम, आणि त्यात लाल जॅकेट घातलेली सत्तरीची बाई, गाल जमिनीला टेकवून निपचित. इंग्लंडमधल्या रीडिंगच्या बाहेर, नदीकाठच्या या गावात मी नुकतीच राहायला आले होते. घाबरून अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावणार, तेवढ्यात जमिनीवरून आवाज आला, "डोन्ट स्टँड इन माय लाइट."

"अगंबाई!" मी दचकून म्हणाले.

डोकं वर झालं. "मराठी का? मग आधी बाजूला सरक. आणि आडवी हो."

मी आडवी झाले. का, ते आजही सांगता येत नाही. डॉ. कुंदा साठे यांनी इथल्या हॉस्पिटलांत पस्तीस वर्षं भूल दिली होती. त्यांनी आडवं हो म्हटलं की माणसं होत असत.

उभ्याने जे नुसतं ओबडधोबड कुरण दिसत होतं, ते डोळे जमिनीलगत नेल्यावर बदललं. तिरप्या उन्हात उंचवट्यांच्या लांबच लांब रांगा उठून आल्या, मधे सावलीचे पट्टे. मी फलटणची. तोंडून निघून गेलं, "हे तर आमच्या उसासारखं. सरी-वरंबा."

मावशी ताडकन उठून बसल्या. "तू रविवारी काय करतेस?"

"कपडे धुते."

"कपडे मशीन धुतं. तू टेप धर."

मावशी त्या कुरणाचा नकाशा काढत होत्या; अशी मी टेपच्या दुसऱ्या टोकाला लागले. शेकडो वर्षांपूर्वी इथले लोक हिवाळ्यात नदीचं पाणी पाटाने या कुरणात आणत, ते वरंब्यांच्या माथ्यावरून दोन्ही अंगांना पातळ ओघळू देत, आणि सरीतून परत नदीला सोडत. वाहत्या पाण्याखाली जमीन गोठत नाही. त्यामुळे सगळीकडे गवत खुरटलेलं असताना इथे मेंढ्यांना कोवळा चारा मिळे. आमच्याकडे पाटकरी असतो तसा इथेही पाणी फिरवणारा खास माणूस असे. हे सगळं मावशींनी मला पहिल्याच रविवारी सांगितलं, आणि नंतर प्रत्येक रविवारी पुन्हा सांगितलं.

त्यांना शेतीतलं काही कळत नव्हतं. पुण्यात त्यांच्या तुळशीला शेजारीण पाणी घालायची म्हणे. पण वरंब्यावर हात ठेवून त्या पेशंटशी बोलाव्या तशा बोलत. "हा ठीक आहे. हा गायींनी तुडवलाय, बिचारा." खुंट्या म्हणून विणायच्या सुया. मोजणी संपेपर्यंत थर्मास उघडायचा नाही. आणि मी आकडा सांगितला की ठरलेलं उत्तर, "परत मोज."

एकदा मी त्यांना मंडळाच्या गणपतीला नेलं. जेवणाच्या रांगेत पुढच्या जोडप्याने सहज विचारलं, "तुम्ही काय करता?" मावशींनी पर्समधून नकाशा काढला. वीस मिनिटांनी त्या जोडप्याला अचानक पार्किंगची आठवण झाली, आणि आम्ही दोघी एकट्याच मोदकांपाशी पोचलो.

"इतकी वर्षं काम केलंत," मी विचारलं, "जुने पेशंट भेटतात का हो कधी?"

"भेटतात की. सुपरमार्केटमध्ये. मी ओळखते. त्यांना सर्जन आठवतो." त्यांनी मोदक मोडला. "आमची ओळख होईपर्यंत ते झोपलेले असायचे."

त्याच वर्षी शेताचा मालक जॉर्ज याने डिगर बोलावला. उंचवट्यांवर ट्रॅक्टर उडतो, म्हणून कुरण सपाट करायचं. मावशी चिखलाचे बूट घालून थेट त्याच्या किचनमध्ये गेल्या. मी मागे.

"नकाशा पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही," मावशी म्हणाल्या.

"डॉक, ते नुसतं खडबडीत शेत आहे."

"तुझं तोंडही खडबडीत आहे. कोणी सपाट केलं का?"

जॉर्ज आधी तांबडा झाला, मग हसला. त्याने डिगर परत पाठवला. नकाशा होईपर्यंत मुदत मिळाली.

आता हे काम माझंही झालं. पावसात, वाऱ्यात, ऑफिसची डेडलाइन असतानाही मी जायची. दोन हिवाळे गेले. नकाशा काही संपेना. एक कोपरा झाला की दुसऱ्यात चूक निघे. मी मनातून धास्तावले होते; जॉर्जचा धीर सुटला तर?

गेल्या डिसेंबरात मावशी बर्फावर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. रविवारी मी एकटीच जॉर्जच्या दारात गेले.

"प्लीज, अजून थोडा वेळ द्या," मी म्हणाले. "त्या बऱ्या झाल्या की नकाशा पूर्ण करू."

जॉर्जने आत जाऊन भिंतीवरची फ्रेम काढून आणली. काचेमागे अख्खं कुरण होतं. प्रत्येक पाट, प्रत्येक वरंबा, शाईने काढलेला. खाली मावशींची सही, आणि तारीख दीड वर्षापूर्वीची.

"तेव्हाच दिला तिने," तो म्हणाला. "मी सांगितलं, शेताला आता हात लावत नाही. खूश झाली. पण दारातून परत आली नि म्हणाली, जॉर्ज, त्या मुलीला सांगू नकोस. काम संपलं म्हटलं तर ती यायची नाही."

मी चहा न घेताच निघाले. दीड वर्षाचे रविवार. तेवढ्या रविवारी मीसुद्धा दुसऱ्या कुणाशी बोलले नव्हते, हे मला बसस्टॉपवर लक्षात आलं.

हॉस्पिटलमध्ये मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. शेजारच्या बेडभोवती नातवंडं, फुगे, कार्डं. मावशींच्या टेबलावर पाण्याचा जग.

मी स्टूल ओढून बसले.

"मावशी, मी काल सगळे आकडे पुन्हा पाहिले. मला वाटतं पश्चिमेकडच्या सऱ्या आपल्या साफ चुकल्यात. पहिल्यापासून कराव्या लागतील."

त्यांनी चष्मा काढून चादरीला पुसला.

"पहिल्यापासून म्हणजे," त्या म्हणाल्या, "वर्ष तरी जाईल."

"दोन," मी म्हणाले.