थकलेलं तेल

दाजीबा ड्रायव्हरच्या पटक्याचा सोगा पांढरा असल्याचं मला आठवत नाही. त्यावर तेलाच्या डागांची रांग असायची. उतारूंच्या मोटारीच्या स्टिअरिंगचा डबा उघडायचा, थेंबभर तेल बोटावर घेऊन हुंगायचं, बोट सोग्याला पुसायचं आणि नवा डाग जुन्याशी ताडून पाहायचा. मग निकाल यायचा, "मिस्त्री, तेल थकलंय. बदला."

परभणीच्या त्या मोटारशेडात मी मिस्त्री होतो. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण दाजीबांचा हुकूम सोडायचा थाट काही गेला नव्हता. खरं तर त्या डब्यातलं तेल वर्षानुवर्षं चालतं. कमी झालं की भर घालायची, एवढंच. दाजीबा आधी महिन्याला बदला म्हणायचे, मग आठवड्याला म्हणू लागले. पिचकारीनं ते उपसता उपसता माझा जीव मेटाकुटीला यायचा.

"दाजीबा, माणसाचं रगतबी इतक्यांदा बदलत न्हाईत."

"माणसाचं तुमी बघा. स्टिअरिंगचं चाक लय जड जायलंय. आमी काय खोटं बोलायलोत का?"

झरी गावच्या वाटेवर तर कहरच. मोठं वळण आलं की मोटार उभी करायचे आणि म्हणायचे, "तेलाला दम खाऊ द्या." एकदा एका म्हातारीनं तेलासाठी पाण्याचा तांब्या पुढं केला. दाजीबांनी तो तेलाच्या वतीनं स्वतःच रिकामा केला. सगळी मोटार हसली.

शेवटी वैतागून मी ती मोटार एका दुपारी पोखर्णीपर्यंत चालवून आणली. चाक अगदी सहज फिरत होतं. आता म्हाताऱ्याला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवून परत आलो. दाजीबा शेडाच्या पायरीवर बसून उजवं मनगट चोळत होते. बोटांत जोर उरला नव्हता, सोगा काही केल्या खोचता येत नव्हता.

माझा राग जागच्या जागी विरला. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही, झोपणं मोटारीच्या मागच्या बाकावर. मोटारीच्या मालकाला, शेटजींना सांगावं तर म्हाताऱ्याचं घरच जाणार. न सांगावं तर मोटारभर माणसांचा जीव टांगणीला. मी पुढं होऊन त्यांचा सोगा खोचून दिला.

सकाळी मोटार भरली. दाजीबांनी डबा उघडला, थेंब घेतला, सोग्याला पुसला आणि त्या डागाकडं बराच वेळ पाहत राहिले. मग मोटार सुरू करायचं हँडल माझ्या हातात ठेवलं.

"तेल चांगलं हाय, मिस्त्री," ते म्हणाले. "दुसरा ड्रायव्हर बसवा."

त्यांनी मागच्या बाकावरची वळकटी काढली आणि मारुतीच्या देवळाकडं चालू लागले. मला फार वाईट वाटलं.

नवा ड्रायव्हर आला, पण मागचा बाक रिकामाच. आठ दिवस मी कसेबसे काढले. मग डब्यातलं ते चांगलं तेल पाहिलं, पिचकारी बाहेर काढून ठेवली आणि देवळात निरोप धाडला, "तेल थकलंय. दाजीबांनी येऊन बघावं."