वांग्याची सोयरीक

गोव्यातल्या आमच्या लाटंबार्से गावात सगळे किडी मारतात. माझे भिकूमामा त्यांना जेवायला बोलवत. शेजाऱ्यांची पोखरलेली वांगी मागून आणायची, अळ्या आपल्या वाफ्यात सोडायच्या आणि वर म्हणायचं, "खायात रे पोटभर, लजूं नाकात."

मामांची नोकरी उत्तरेतल्या एका बटाटा संशोधन केंद्रात झाली. तिथे रानटी बटाट्याशी संकर करून किडीला दाद न देणारा बटाटा घडवत. निवृत्त होऊन गावी आले ते हेच वेड घेऊन. "वांगं म्हणजे बटाट्याचा चुलतभाऊ. त्याची सोयरीक मी जुळवतो."

स्वतः बिनलग्नाचे. पण रानातलं काटेरी वांगं ही नवरी, घरचं वांगं नवरा. चिमट्याने पराग लावताना कुणी हाक मारली तर म्हणत, "थांब मरे, मुहूर्त टळता."

पहिली प्रजा सुपारीएवढी, कडूजार. मामांनी भाजी करून मला वाढली. मी तोंड वाकडं केलं. "सुनेच्या माहेरचा गुण," म्हणाले, "जातलो हळूहळू." मग त्या लेकींची लग्नं पुन्हा घरच्या वांग्याशी, अशी वर्षानुवर्षं. दर पिढीत अळ्या सोडायच्या. टिकेल त्या झाडाचं बी राखायचं, बाकीची उपटायची.

मी तुये गावातल्या एका कारखान्यात कामाला. मामा डोळ्याच्या ऑपरेशनला म्हापशाला गेले तेव्हा वाफा माझ्यावर सोपवला. "फक्त पाणी घाल," एवढंच सांगून. अळ्यांनी शेंडे वाळवायला सुरुवात केली आणि मला राहवलं नाही. म्हातारा परत येऊन रडेल, म्हणून औषध फवारलं.

मामा आले. एकाही वांग्याला भोक नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. सगळीच झाडं टिकली, म्हणून सर्वांत मोठ्या वांग्यांचं झाड बियाण्याला राखलं, बाकीची उपटली. त्या उपटलेल्यांतलंच एखादं खरं टिकणारं असणार. मी शेजारी उभा होतो. चहा प्यायलो.

पुढच्या हंगामात अळ्यांनी सगळा वाफा खाल्ला. मामा रोज झाडांपाशी उकिडवे बसून आपलं काय चुकलं ते शोधत. शेवटी मी सांगून टाकलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला रान होतं. त्यांचं वय नव्हतं, आणि चिमटा धरताना हात कापायला लागले होते.

त्यांनी एक वाळलेला शेंडा खुडून टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फवारतना तोंडाक कपडो बांदिल्लो मरे, पुता?"

"हो," मी म्हटलं.

तेही खोटंच होतं.