धोंड्याचे टायर

मोटारसायकलचे टायर स्वस्तात कसे मिळवावेत, हे अख्ख्या सुरतेत फक्त मला कळतं! निदान नव्याण्णव सालच्या मे महिन्यात तरी माझा तसा ठाम समज होता. आज मी रस्त्यात कुणाचा टायर बघितला तरी मान फिरवतो, ती गोष्ट वेगळी.

माझी राजदूत तेव्हा चांगलीच म्हातारी झाली होती. दोन्ही टायरांवरची नक्षी कधीच झिजून गेली होती आणि मागच्या टायरातले धागे जुन्या गोधडीसारखे बाहेर लोंबत होते. एरवी मी तशीच चालवली असती हो! पण इच्छापोरला जयंतीभाई नावाच्या ठेकेदाराकडे सुपरवायझरची जागा निघाली. कापडाच्या लूमवर उभं राहून पायांच्या शिरा फुगलेल्या माणसाला सुपरवायझर म्हणजे काय, हे लूमवाल्यालाच विचारा! खुर्ची! पंखा! वर लोक 'काशिनाथभाई' म्हणणार! जयंतीभाईंची अट एकच होती, स्वतःची गाडी हवी आणि ती चालती हवी.

"चालू गाडी जोइए, काशिनाथ! सोमवारे सवारे गाडी लईने आवी जजो."

मी लगेच पर्वत पाटियाच्या टायरवाल्यांकडे गेलो. पहिल्याच दुकानदाराने माझ्या मागच्या चाकाकडे बघून कपाळाला हात लावला.

"काका, आ टायर नथी, रबरबँड छे!"

नव्या टायरची किंमत ऐकून मी त्याच्या बाकावर बसलो. मग रिमोल्डची विचारली, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेलं. ती ऐकून मी उठलो. तिसऱ्या प्रकाराची किंमत विचारायला थांबलोच नाही. पण घरी येताना वाटेत एका देवळावर 'पुरुषोत्तम मास' असा फलक दिसला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अधिक महिना! धोंड्याचा महिना! म्हणजे जावयांचा सीझन!

"तुझे बाबा यंदा मला वाणात काय देणार?" भेस्तानच्या खोलीत शिरता शिरता मी बायकोला विचारलं.

चंचल भाकरी थापत होती. "तेहतीस अनारसा, कपडा नि दिवा. मागला खेपले दिधं तेच."

"दिवा नको. टायर! दोन!"

भाकरी तव्याऐवजी स्टोव्हवर पडली.

"तुम्हले लाज शे का नही? देवना महिनामा लोके अनारसा मांगतस नि तुम्हले टायर जोयजे?"

"मी कुठे मागतोय? जावयानं तोंडानं मागायचं नसतं. तू माग!"

दोन दिवस चंचल माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पर्वत पाटियाला माहेरी जाऊन आली. बातमी चांगली होती! माझ्या सासूबाई, सुंदराबाई, आधी तोंडाला पदर लावून बसल्या म्हणे. पण सासरे धुडकूबाबा खूश झाले. जावई घरचाच माणूस, त्याला जे लागतं तेच द्यावं! फक्त टायर वाणात चालतो का, एवढं सासूबाई देवळातल्या महाराजांना विचारणार होत्या.

"विचारू दे!" मी म्हणालो. महाराज टायरबद्दल काय बोलणार? मी आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगूनही टाकलं की काशिनाथ सोमवारपासून नव्या टायरांवर नोकरीला जाणार, तेही फुकटात!

रविवारी आम्ही सासऱ्यांकडे जेवायला गेलो. पाटाभोवती रांगोळी होती. पुरणाचे धोंडे, आमरस, वर साजूक तूप! मी जेवतोय तोवर माझा मेहुणा वाल्मिक कोपऱ्यावरच्या भिकन पंक्चरवाल्याला घेऊन आला आणि दोघांनी माझ्या गाडीचे जुने टायर काढलेसुद्धा. असा मेहुणा मिळायला भाग्य लागतं, असं मी चंचलला म्हणालो. तिनेही मान डोलावली.

जेवणं झाली. सासऱ्यांनी मला टोपी घातली, सासूबाईंनी कुंकू लावलं. मग लाल कापडाखाली झाकलेले दोन टायर पाटावर आले. वर हळदकुंकू, फुलं, बत्तासे! मी ऐटीत कापड बाजूला केलं, एक टायर उचलला आणि डोळ्यांसमोर धरला.

टायरातून मला सासूबाई दिसल्या!

मधल्या मोठ्या भोकातून नव्हे. रबरातून! कोऱ्या करकरीत टायरावर सगळीकडे गोल गोल भोकं होती!

"हे... हे काय?"

"म्हाराजले इचारं मी," सासूबाई हात जोडून म्हणाल्या. "अधिकमासनं दान जाळीनं जोयजे. अनारसाले जाळी ऱ्हास, बत्तासाले जाळी ऱ्हास. टायर ते गच्च शे! तसा देवाव नही म्हने."

"म्हनीसन तेहतीस भोकं पाडात!" सासऱ्यांनी अभिमानाने सांगितलं. "एक एक टायरले तेहतीस!"

वाल्मिक एका वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर कामाला होता. तो पुढे झाला. "मोजी ल्या, दाजी. एक भी कमी नही शे. लाइन पण सरळ शे."

"पण बाबा, असा टायर रस्त्यावर चालेल कसा?"

सासरे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी शाळेत कधी गेलोच नव्हतो. "कसं काय नही चालाव? हवा ते ट्यूबमा ऱ्हास ना!"

हवा खरोखरच ट्यूबमध्ये असते! सासूबाईंचे डोळे भरून आलेले, चंचल मला डोळ्यांनी दटावतेय, आजूबाजूच्या बायका दारात उभ्या. मी घाईघाईने भिकनला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "माझे जुनेच लाव रे बाबा."

"ते काप्यात मी," भिकन म्हणाला. "चपलासना तळ करासाठे. वाल्मिकभाऊनी दिधात मले."

त्याने दोन्ही भोकांचे टायर चढवले. हवा भरताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझा आधीच पडलेला होता.

रात्री भीतीने मी गाडी ढकलतच भेस्तानला आणली. सोमवारी सकाळी चंचल मला सोडायला खाली आली आणि गाडीकडे बघतच राहिली. प्रत्येक भोकातून ट्यूबचा एकेक काळा फुगा वर आला होता.

"अहो, गाडीले घामोळं व्हयनं का?"

मी देवाचं नाव घेऊन किक मारली. खरं सांगतो, उधन्यापर्यंत गाडी चालली! थोडी उड्या मारत चालली, पण चालली. मला वाटलं, सासरे बरोबर, मीच खुळा. पण मे महिन्याचा डांबरी रस्ता आणि तापीचा पूल! पुलाच्या मधोमध मागचं चाक असं फुटलं, की पुढे जाणारा हवालदार सायकलवरून उतरून खाली बसला. मी गाडी ढकलत निघालो, तर थोड्याच वेळात पुढचंही फुटलं. मला रडायलाच येत होतं. खुर्ची गेली! पंखा गेला! वाटेत जो तो थांबून विचारत होता, "भाई, आमां जाळी केम?" आणि मी प्रत्येकाला अधिक महिन्याचं माहात्म्य सांगत होतो.

जयंतीभाई गेटवरच उभे होते. त्यांनी मला बघितलं, गाडी बघितली, चष्मा पुसला आणि परत गाडी बघितली.

"आ शुं छे?"

मी सगळं सांगितलं. धोंडा, जावई, महाराज, तेहतीस! जयंतीभाई खाली उकिडवे बसले, एका भोकात बोट घातलं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात.

"आ ड्रिल कोणे मार्युं?"

"माझ्या मेहुण्यानं. मीच पोलिसात देतो त्याला!"

"पोलिस?" जयंतीभाई ओरडले. "अरे, एने अहीं लाव! मारे जाळीना पतरा बनाववाना छे. जे आवे ते वांका होल पाडे छे! रबरमां आवी सीधी लाइन? पगार मोंमाग्यो आपीश!"

पत्र्याला सरळ भोकं पाडायला माझ्या मेहुण्याला नोकरी, तीही मागेल त्या पगारावर! मी हातातलं हँडल सोडलं. गाडी पडली.

"आणि मी? माझी सुपरवायझरची जागा?"

जयंतीभाईंनी आडव्या पडलेल्या गाडीकडे बघितलं. "चालू गाडी क्यां छे, काशिनाथ?"

त्याच आठवड्यात वाल्मिक इच्छापोरला लागला. त्याला न्यायला टेम्पो दारात येतो! मी परत लूमवर उभा राहिलो. सासूबाईंनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं की अधिक महिन्याचं दान किती लवकर फळतं बघा! माझ्या हातावरही एक पेढा ठेवला.

"सासूबाई," मी म्हटलं, "टायर मला मिळाले. ट्यूब माझ्या फुटल्या. मग पुण्य माझ्या वाट्याला का नाही?"

"पुन्य देनारले लागस, जावईबापू," त्या मायेने म्हणाल्या. "तुम्ही ते लेनारा!"

हे जर त्या महाराजांनी आधी सांगितलं असतं, तर कर्ज काढून मीच सासऱ्यांना टायर दिले नसते का!