शिमल्याचा बर्फ, सोलापूरचं ऊन

सिद्धराम हत्तुरेंनी सकाळी उठल्या उठल्या एक साधाच निर्णय घेतला : बायकोचा रुसवा काढायचा. (साधा, म्हणजे त्यांच्या मते.)

दोघं निघाले होते शिमल्याला, बर्फ बघायला. तिकडं बर्फच इतका पडला की विमान उडेना. चार दिवस पुण्यात मावसभावाकडं बॅगांशेजारी बसून काढले आणि काल गुपचूप सोलापूरला परतले. जगदेवीबाई तेव्हापासून गप्प. संक्रांतीच्या हळदीकुंकवातच त्यांनी अख्ख्या गल्लीला शिमला सांगून ठेवला होता. आता कुठल्या तोंडानं बाहेर पडायचं?

"अगं, शिमल्यात काय ठेवलंय!" सिद्धराम अंगणातून ओरडले. "हितं बघ की, वसंत आलाय! लिंबाला पालवी, आंब्याला मोहर! कोकिळापण ओरडायलीय!"

"ओरडंल की. तिला कुणी शिमला कबूल केला नव्हता," आतून आवाज आला.

बोलली! सिद्धरामांना भलताच हुरूप आला. बायकोच्या वेणीत मोहर माळावा म्हणून ते स्टुलावर चढले (वय बावन्न, वजन विचारू नका) आणि फांदी ओढली. झाडावरचा सगळा वसंत नाकात गेला.

"आक्छी! आक्छी!"

भिंतीवरून शेजारच्या शिवबाईंचं डोकं वर आलं. "अगोबाई, आलात व्हय? आणि नाक हे केवढं लाल! बर्फ बाधला की हो!"

"छे हो, हा तर मोह— आक्छी!"

तेवढ्यात जगदेवीबाई स्वेटर आणि माकडटोपी घेऊन धावतच बाहेर आल्या. "काय सांगू शिवबाई! लई बर्फ! नको नको म्हटलं तरी हे लहान पोरासारखे लोळत होते त्यात." आणि नवऱ्याला टोपी चढवताना त्या चक्क हसल्या. त्या हसण्यावर सिद्धराम विरघळले. खरं बोलायचं राहूनच गेलं.

अर्ध्या तासात गल्ली जमली. जगदेवीबाई चहा देत देत बर्फाचे डोंगर उभे करत होत्या. शिवबाईंनी निदान केलं, "थंडी हाडात शिरलीय. उन्हात बसवा."

भर दुपारी सिद्धराम गच्चीवर, स्वेटर, शाल, माकडटोपीसकट. घामाच्या धारा लागलेल्या.

"बघा बघा," शिवबाई हरखून म्हणाल्या, "शिमल्याचा बर्फ कसा वितळून बाहेर पडायलाय!"

सिद्धरामांनी आशेनं टोपीला हात घातला.

"बसा हो," जगदेवीबाई प्रेमानं म्हणाल्या, "अजून बराच शिल्लक असंल."