आमचे अण्णा आणि होसकोट्याचे मूर्ती

मुलांनो, येलहंक्यातल्या आमच्या शेजारच्या अण्णांचं नाव हणमंतराव काळे आहे, हे गल्लीत बहुधा मला एकटीलाच माहीत आहे. शिंप्याकडे ते मूर्ती, मिठाईवाल्याकडे रेड्डी आणि रिक्षाच्या ॲपवर प्रकाश. रिक्षावाल्यानं "प्रकाश सर?" म्हणून हाक मारली की अण्णा आधी मागे वळून बघतात.

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठीत निम्मं कन्नड. "स्वल्प जपून असावं, अक्का. नाव दिलं की माणूस घरात शिरतो," हे त्यांचं पालुपद. कुणी फोन नंबर मागितला तर शेवटचा आकडा बदलून देतात.

गेल्या महिन्यात ते टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आले. वडिलांच्या हार्मोनियमच्या दुकानाचे जुने फोटो लावून त्यांनी एक वेबसाइट केली होती. तिचं नाव, म्हणजे डोमेन, ज्या कंपनीकडून घेतलं तिची मेल आली होती: मालकाची ओळख पटवा, नाहीतर शनिवारी साइट बंद.

मी मेल सगळी नीट वाचली. मालक म्हणून अण्णांनी लिहिलं होतं मूर्ती. पाठवलेल्या ओळखपत्रावर होतं काळे. कंपनीनं तरी काय करावं? खात्रीचा कोडही भलत्याच नंबरावर जात होता. मी तो नंबर फिरवला, तर होसकोट्याच्या एका टायरच्या दुकानात लागला. मालक फार आपुलकीनं बोलले. मूर्ती सरांच्या नावानं मेसेज नेहमी येतात म्हणाले, शिंप्याकडे त्यांची पँट दिवाळीपासून शिवून तयार आहे.

मी अण्णांना सांगितलं, खरं नाव आणि खरा नंबर घाला, काम झालं. नाव लोकांपासून लपवून ठेवायचीही सोय असते.

"सरी, बरं," म्हणत त्यांनी लॅपटॉप मिटला. "बंद पडू दे."

मी कॉफी दिली आणि जरा वैतागूनच विचारलं, मग साइट केली कुणासाठी?

अण्णा कप फिरवत राहिले. मग हळूहळू कळलं. दुकान विकलं तेव्हा धाकट्या बहिणीशी, कमूशी, भांडण झालं. ती परदेशी गेली, पत्तासुद्धा दिला नाही. हल्ली लोक नेटवर जुनं काहीबाही शोधतात. तीही कधी शोधेल.

"शोधताना ती काय लिहील?" मी विचारलं.

अण्णांनी कप खाली ठेवला.

"मूर्तीला ती कशाला शोधेल, अक्का?"

लॅपटॉप पुन्हा उघडला. एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत त्यांनी स्वतः नाव भरलं. या वेळी कोड त्यांच्याच फोनवर आला. संध्याकाळी ओळख पटल्याची मेलही आली. मी नाव लपवायची सोय शोधू लागले.

"नको," अण्णा म्हणाले. "पहिल्याच पानावर मोठं लिहा. खाली फोन नंबर."

त्यांनी नंबर सांगितला. शेवटच्या आकड्याला मी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"खराच आहे. लावून बघा."

मी लावला. त्यांच्या खिशात फोन वाजला. अण्णांनी तो बाहेर काढला, पण बंद केला नाही. हातात धरून थोडा वेळ वाजू दिला.