उत्तर शोभाच्या डब्यात

भोकरदनच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर पोरं-पोरी कॉम्प्युटर शिकायला यायची आणि एका पायावर उभी राहायची.

खोटं वाटेल, पण माझ्या गिऱ्हाइकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एक बाई जिन्यातून वर डोकावल्या आणि घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. "माणिकभाऊ, फी थकली म्हणून पोराला उभं केलंय का हो?" मी म्हटलं, "न्हाई बाई, फी भरलीय म्हणूनच उभं केलंय."

ही सगळी करणी कैलास सरांची. शेतकऱ्याच्या घरचा माणूस. औरंगाबादेत कॉम्प्युटर शिकून आला आणि वरच्या मजल्यावर पुढच्या खोलीत क्लास, मागच्या खोलीत संसार असं मांडून बसला. मध्ये एक पडदा. क्लासमध्ये कॉम्प्युटर एकच, आणि त्याला वीज लागते ही त्याची मोठी खोड. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावला असता. कैलास सरांचं उलटं. लाइट गेली की त्यांना हुरूप यायचा आणि आली की चेहरा पडायचा. म्हणायचे, "आली का? बरं, बसा आता मशीनवर. पण मशीनमधी दिसतंय काय? सगळं आतल्या आत करतं अन् वरून उत्तर फेकतं. लई आतल्या गाठीचं आहे ते."

म्हणून मशीनच्या पोटात जे चालतं ते सगळं सर बाहेर काढून, माणसं आणि वस्तू वापरून करून दाखवायचे. कुणी मान डोलावून "कळलं सर" म्हटलं की बोट नाचवत ओरडायचे, "कळलं म्हणू नका, करून दावा!" हे वाक्य दिवसभर माझ्या छतावरून गळायचं.

एका पायाचं प्रकरण असं होतं. मोठं काम करणाऱ्यानं खोलीच्या मधोमध उभं राहून कागदावर लिहिलेल्या कामाच्या ओळी एकेक करत जायच्या. मध्येच छोट्या कामासाठी दुसऱ्याला नावानं हाक मारायची. तो गॅलरीत जाऊन काम करून येणार, आणि तोवर हाक मारणाऱ्यानं एका पायावर, हात वर करून थांबायचं. सर बजावायचे, "गेलेला परत येस्तोवर त्याच ओळीवर थांबायचं, पुढं सरकायचं न्हाई. अन् हाक मारल्याबिगर कुणी जागचं हलायचं न्हाई!" गॅलरीत गेलेलं एखादं पोरगं खाली रस्त्यावरची भांडणं बघत रमायचं आणि आत बिचारा दुसरा बगळ्यासारखा उभा.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एकदा "एक माणूस कमी पडून राह्यला" म्हणत मला गळ्यातल्या टेपसकट वर ओढून नेलं आणि रांगेत उभं केलं. उंचीप्रमाणे लागायचं, पण फक्त शेजाऱ्याकडे बघायचं. आपण उंच असलो तर जागा बदलायची, परत पुढच्याकडे बघायचं. मी म्हटलं, "सर, मी टेलर आहे. एका नजरेत सगळ्यांना लावून देतो." तर म्हणतात, "मशीनला तेवढी नजर नसती, माणिकभाऊ. तिला फक्त शेजारचा दिसतो." मी म्हटलं, मग ती आमच्याच गल्लीतली दिसते.

पण सरांची खरी दौलत म्हणजे डबे. डबे त्यांचे नव्हेत, शोभावहिनींचे. त्यांच्या लग्नात आलेले स्टीलचे डबे, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. 'चि. सौ. कां. शोभा हिस मामाकडून', 'आत्याकडून', 'मावशीकडून'. कॉम्प्युटर आकडे नाव दिलेल्या खणांत ठेवतो, एवढं सांगायला सरांना याहून काय हवं होतं? नावं आयतीच कोरलेली! आकड्यांच्या जागी हरभरे. "मामात पाच टाका. आत्यात तीन टाका. आता दोघं मिळून शोभात ओता." शोभा म्हणजे सगळ्यात मोठा डबा, हसनाबादहून वहिनींच्या वडलांनी दिलेला, त्यावर नुसतंच 'शोभा' कोरलेलं. कोणताही हिशेब असो, उत्तर शोभाच्या डब्यातच पडलं पाहिजे असा सरांचा दंडक होता.

पोरांनी तेच उचललं. परीक्षा घ्यायला जालन्याहून एक साहेब आले. एका पोरीनं कॉम्प्युटरवर लिहिलेलं वाचून त्यांनी चष्मा पुसला. "मामा अधिक आत्या बरोबर शोभा? हे काय आहे?" पोरगी बिलकुल घाबरली नाही. म्हणाली, "सर, डबे आहेत." साहेबांनी चालवून पाहिलं तर उत्तर बराबर आलं. मग त्यांनी मुकाट सही केली.

वहिनी बिचाऱ्या पडद्याआड भाकरी थापत हे सगळं ऐकायच्या. एकदा खाली परकर शिवायला टाकताना हसत म्हणाल्या, "भाऊ, दिवसभर माझं नाव घेत्यात. शोभात टाका, शोभा उघडा, शोभा पालथी करा. अन् मी समोर गेले की नुसतं 'अगं'. लग्न झाल्यापासून मला कधी नावानं हाक मारली न्हाई." आमच्याकडे बायकोला चारचौघांत नावानं कोण हाक मारतो म्हणा! मीही कधी मारली नव्हती. त्यामुळे मी हसलो आणि परकराचं माप विचारलं.

आणि मग तो दिवस आला. वहिनींचा भाऊ हसनाबादहून बहिणीला भेटायला आल्ता. वहिनी चहाला आधण ठेवून साखरेचा डबा बघतात तर जागेवर नाही. चहाचा नाही, डाळीचाही नाही. पडदा सारून पाहिलं, तर सगळे डबे क्लासमध्ये रांगेत आणि साखर कागदावर ओतलेली, तिला मुंग्या. त्या म्हणाल्या, "अहो, दादा आलाय, जल्दी साखर द्या." सर म्हणाले, "आत्ता हात लावू नको. पोरं हिशेबाच्या मधातच आहेत." एवढ्यावर भागलं असतं. पण सरांनी मेव्हण्याला पाहिलं, "बरं झालं, एक माणूस कमीच होता" म्हणून त्याला उंचीच्या रांगेत उभं केलं. मेव्हणा अंगानं ठेंगणा. प्रत्येकानं त्याच्याकडे बघून जागा बदलली आणि शेवटी तो पार टोकाला, एका शाळकरी पोरीच्याही पलीकडे गेला. पोरं खदखदली. बिनचहाचा पाहुणा जिना उतरला आणि त्याच्यामागं पिशवी घेऊन वहिनी. हसनाबादची गाडी लागलेलीच होती.

दोन-चार दिवसांत येतील असं मला वाटलं. महिना झाला. सरांनी सगळे डबे घासूनपुसून पडद्याआड जागच्या जागी लावले आणि क्लासमध्ये प्लास्टिकचे मग आणले. एकदा मी वर गेल्तो, तर एक पोरगा मूठ मिटून विचारत होता, "सर, उत्तर कशात टाकू?" सरांनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असू दे. हातातच धर." मला फार वाईट वाटलं. माणूस वाळून चालला होता आणि लाइट गेली तरी हुरूप येत नव्हता.

मी म्हटलं, "सर, जाऊन घेऊन या की." तर म्हणाले, "येईल. गेलेलं परत येतंच. तोवर आपण त्याच ओळीवर थांबायचं." मी म्हटलं, "तुमची ओळ गेली चुलीत," आणि दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून त्यांना गाडीत कोंबलं. त्यांनी पिशवीत शोभाचा डबा घेतला होता. कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

हसनाबादेत ओसरीवर सासरे बसलेले, मेव्हणा खांबाला टेकून फुगलेला. दोन-चार शेजारी जमले. सासऱ्यांनी विचारलं, "बोला जावईबापू." आता माणसानं चुकलं म्हणावं, मोकळं व्हावं. पण सरांना बोलून सांगता येत असतं तर डबे कशाला लागले असते? त्यांनी शोभाचा डबा ओसरीवर मधोमध ठेवला, झाकण काढून तो रिकामा असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि स्वतः एक पाय उचलून, हात वर करून उभे राहिले. "मामा, महिना झाला, मी असा उभा आहे. ती परत आली की पाय खाली."

सासरे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ह्यांना बरं न्हाई का?"

तेवढ्यात दारामागून आवाज आला. "हाक मारली का पण?"

सर म्हणाले, "आँ?"

वहिनी उंबऱ्यात आल्या. "पोरांना काय शिकवता? हाक मारल्याबिगर कुणी जागचं हलत न्हाई. महिनाभर उभे राह्यलात, पण हाक कुठं मारली?"

आपलीच शिकवण, पण ही बाजू सरांच्या ध्यानातच आली नव्हती. हलक्या आवाजात म्हणाले, "खरंय. कळलं."

"कळलं म्हणू नका," वहिनी म्हणाल्या, "करून दावा."

सर घामाघूम. "अगं..." म्हणाले.

"ते माझं नाव न्हाई."

सरांनी सासऱ्यांकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं, खाली डब्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि पार भोकरदनच्या गॅलरीतल्या पोरालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "शोभा!"

सासरे एकदम गोठ्यातल्या बैलाकडे बघायला लागले. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आता पिशवी घेऊन येतील असं मला वाटलं, पण कसलं काय! आधी स्टोव्हचा आवाज आला. मग चहा आला, पहिला कप भावाला. मग मला, सासऱ्यांना, शेजाऱ्यांना. मेव्हणा चहा पीत दाजींकडे बघत होता आणि हळूहळू त्याला हसू फुटत होतं. सर तसेच एका पायावर, हात वर. मी म्हटलं, "अहो, टेका आता पाय." ते म्हणाले, "अजून आली न्हाई."

माझा चहा पिऊन झाला, पान खाऊन झालं. मग वहिनी पिशवी घेऊन बाहेर आल्या. वाकून त्यांनी डबा उचलला, पदरानं पुसला, काखेत धरला आणि सरांशेजारी येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा कुठं सरांनी पाय खाली टेकवला.